मोजणी आणि कौल : आंतरजालीय चर्चासमूहांतील मतदान-नियमांची चिकित्सा

प्रस्तावना

विद्यापीठाच्या अधिसभेवरील पदवीधर गटाची निवडणूक ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. मतदानाच्या दिवशी जे घडते त्यातील बराचसा भाग नोंदणीच्या मुदतीतच ठरून गेलेला असतो. कोणाचे अर्ज भरून घेतले गेले, कोणाची नावे यादीत आली आणि कोणाची राहिली, यावर निकालाचा कल अवलंबून असतो. मतदानपद्धतीविषयीच्या शास्त्रीय वाङ्मयात मात्र या टप्प्याला फारसे स्थान नाही. काँदोर्सेचा १७८५ मधील प्रबंध असो वा केनेथ ॲरो यांचा १९५१ मधील सुप्रसिद्ध सिद्धान्त असो, दोहोंत मतदारांचा समूह ‘दिलेला’ आहे असे धरूनच पुढचे गणित मांडले जाते. लोकशाही म्हणजे लोकांचे राज्य हे खरे. पण ‘लोक’ कोण हे कोणी ठरवावयाचे, या प्रश्नाकडे लोकशाहीच्या विचारवंतांनी दुर्लक्षच केले आहे, अशी तक्रार रॉबर्ट डाल यांनी १९७० साली केली होती. ती आजही पुरती जुनी झालेली नाही.

संगणकाच्या जाळ्यावर जे चर्चासमूह उभे राहिले, त्यांनी हा दुर्लक्षित प्रश्न अगदी उघडा पाडला. तेथे जन्मतारखेचा दाखला नाही, रहिवासाचा पुरावा नाही, एका व्यक्तीची एकच ओळख असेल याचीही शाश्वती नाही. तरीही निर्णय घ्यावे लागतात, आणि निर्णय म्हटला की कोणीतरी मतदानाची सूचना मांडतोच. अशा समूहांनी केलेल्या नियमांविषयी जो वाद होत आला तो बहुधा टक्केवारीचा होता : साधे बहुमत पुरे की दोन-तृतीयांश हवे, पंचाहत्तर टक्के की पासष्ट? प्रस्तुत लेखात असे दाखविण्याचा प्रयत्न आहे की ही टक्केवारी दुय्यम होती. मतदारयादीच्या अभावी जी पोकळी राहिली ती मते मोजणाऱ्याने, निर्णय अमलात आणणाऱ्याने किंवा चर्चेचा अर्थ लावणाऱ्याने भरून काढली. आणि त्या अधिकाराला नियमांच्या भाषेत क्वचितच नाव मिळाले.

शंभर मतांचा नियम

यूजनेट ही १९७९-८० च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ यांच्या संगणकांदरम्यान सुरू झालेली संदेशव्यवस्था. विषयवार वृत्तगट हे तिचे स्वरूप. आरंभी कोणता गट असावा हे ज्यांच्या संगणकांवरून बहुतांश वाहतूक होत असे ते मोजके व्यवस्थापकच ठरवीत. १९८६-८७ मधील मोठ्या नामांतरानंतर सर्व गटांची सात शाखांत मांडणी झाली, आणि नव्या गटासाठी मतदानाची पद्धत रूढ झाली. प्रस्ताव मांडावा, त्यावर चर्चा व्हावी, नंतर सुमारे तीन ते चार आठवडे ई-पत्राने मते मागवावीत; होकार नकारांपेक्षा किमान शंभराने अधिक भरले तर गट स्थापन व्हावा, असा हा नियम होता. कालांतराने त्यात दोन-तृतीयांश होकारांची अट जोडली गेली. मोजणी आरंभी प्रस्तावक स्वतःच करीत असे. त्यावरून भांडणे होऊ लागल्यावर ती त्रयस्थ स्वयंसेवकांकडे सोपविण्यात आली. निकालासोबत प्रत्येक मतदात्याचे नाव, पत्ता आणि त्याने दिलेले मत प्रसिद्ध होई.

वरवर पाहता हा नियम साधा आणि न्याय्य दिसतो. बारकाईने वाचल्यास त्यात दोन निरनिराळ्या कल्पना एकत्र बांधलेल्या आढळतात. मतदानाच्या आवाहनासोबत जे निवेदन जोडले जाई, त्याचा आशय असा की, या मतदानाचा हेतू प्रस्तावित गट खरोखर वाचणारे किती जण आहेत हे अजमावण्याचा आहे. ज्यांना त्या विषयात रस नाही त्यांच्याकडून मते गोळा करणे हेतूशी विसंगत आहे. म्हणजे हे मतदान नसून मागणीची पाहणी होती. शंभराचा आकडा त्या दृष्टीने समजण्यासारखा आहे : इतके वाचक असतील तर गट चालेल. पण मग नकाराचे मत कशासाठी? एखाद्या पुस्तकाची किती जणांना गरज आहे हे ग्रंथालयाने विचारावे, आणि ज्यांना ते वाचावयाचे नाही त्यांची संख्या वाचणाऱ्यांच्या संख्येतून वजा करावी, तसाच हा प्रकार झाला. पाहणी म्हणून नकार निरर्थक ठरतो. निवडणूक म्हणून यादीच नाही. दोन्ही अंगांनी नियम अपुरा होता, आणि तरीही तो दोन दशकांच्या आसपास टिकला.

या अंतर्विरोधाचे टोकाचे उदाहरण १९९६ साली घडले. वर्णवर्चस्ववादी संगीतासाठी गट स्थापण्याचा प्रस्ताव आला. त्याच्या बाजूने ५९२ आणि विरोधात ३३,०३३ मते पडली. विरोध करणाऱ्यांचा हेतू समजण्याजोगा होता, आणि निकालाने बहुतेकांचे समाधानही झाले असावे. परंतु विरोधी मतांचे आवाहन करणारी पत्रे एकाकडून दुसऱ्याकडे जात यूजनेट न वापरणाऱ्यांपर्यंतही पोहोचली आणि मतदान संपल्यावरही दीर्घकाळ फिरत राहिली. तेहतीस हजारांत त्या व्यवस्थेशी रोजचा संबंध असणारे किती होते हे सांगण्याचे साधनच नियमाने ठेवलेले नव्हते. निषिद्ध गटाला अडविणारे तेच शस्त्र उद्या एखाद्या अल्पसंख्य पंथाच्या वा भाषेच्या गटाविरुद्धही वापरता आले असते, ही जाणीव त्या वेळच्या चर्चांत नव्हती असे नाही. नियम मात्र तसाच राहिला.

भाषांच्या बाबतीत शंभराच्या आकड्याचा अर्थ आणखी वेगळा होता. सामाजिक-सांस्कृतिक शाखेतील भारतीय गटाच्या पोटात गुजराती, तेलुगू, केरळ, गोवा यांच्याबरोबर मराठीचाही स्वतंत्र गट पुढे दिसतो. परंतु भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजालाची सेवा सुरू झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यापूर्वी काही शिक्षण व संशोधन संस्थांपुरतीच ती सोय होती. साहजिकच मराठीच्या नावाने मत देऊ शकणारा ‘मराठी समाज’ हा त्या काळी मुख्यतः अमेरिकेतील विद्यापीठांत व संगणक-उद्योगात वावरणारा समाज होता. पुण्या-नागपुरातील वाचकाला कोणी मताधिकार नाकारला नव्हता. त्याच्याकडे फक्त ई-पत्राचा पत्ता नव्हता. यादी नसलेली निवडणूक सर्वांना खुली असते असे मानण्याची सवय आहे. वस्तुतः तिची यादी यंत्रसामग्रीने केलेली असते, आणि ती कोठेही लावलेली नसल्यामुळे तिच्यावर हरकत घेता येत नाही.

निर्णय आणि अंमल

यूजनेटच्या मतदानाला आणखी एक मर्यादा होती. निकाल लागला तरी तो कोणावर बंधनकारक नव्हता. गट आपल्या संगणकावर ठेवावा की न ठेवावा हे प्रत्येक ठिकाणचा व्यवस्थापक ठरवी. दुसरीकडे, १९८७ मध्येच काही असंतुष्टांनी ‘आल्ट’ ही मतदानाविना गट काढता येणारी समांतर शाखा सुरू केली होती. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये ‘निर्गमन’ आणि ‘आवाज’ असे जे दोन मार्ग सांगितले, त्यांपैकी निर्गमनाचा मार्ग येथे इतका स्वस्त होता की आवाजाची किंमत आपोआप कमी झाली. अखेर २००६ साली मतदान बंद होऊन निर्णय एका लहान व्यवस्थापन मंडळाकडे गेला. त्यावर मोठे आंदोलन उभे राहिले नाही. तोपर्यंत वाचकांपैकी बहुतेक इतरत्र गेलेले होते.

अंमलबजावणीचा प्रश्न अधिक तीव्रपणे उभा राहिला तो लॅम्डामू या शब्दमय आभासी वसाहतीत. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनकेंद्रातील पावेल कर्टिस यांनी १९९० मध्ये ती सुरू केली. तिच्या संगणकप्रणालीवर संपूर्ण ताबा असणाऱ्या व्यवस्थापकांना तेथे ‘विझर्ड’ म्हणत. १९९२ च्या डिसेंबरात त्यांनी जाहीर केले की, यापुढे आपण केवळ तांत्रिक काम पाहू, रहिवाशांच्या भांडणांत पडणार नाही. काही महिन्यांतच एका रहिवाशाने इतरांच्या पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केला. ज्यूलियन डिबल यांच्या १९९३ मधील लेखामुळे ही घटना सर्वज्ञात झाली. शिक्षा काय आणि ती द्यावयाची कोणी, यावर रहिवाशांची प्रदीर्घ बैठक झाली आणि ती निर्णयाविना संपली. त्यानंतर एका विझर्डने स्वतःच्या जबाबदारीवर त्या पात्राचे अस्तित्व पुसून टाकले. पुढे कर्टिस यांनी अर्ज आणि मतपत्रिकेची पद्धत घालून दिली. नकारांच्या दुप्पट होकार मिळाले की विझर्डांनी तो निर्णय अमलात आणावयाचा असे ठरले.

या पद्धतीचे मूल्यमापन करताना दुपटीच्या अटीवर बोट ठेवणे सोपे आहे. तिच्यामुळे अनेक प्रस्ताव अडले हेही खरे. तथापि खरा दोष अन्यत्र होता. प्रत्येक मंजूर मजकूर विझर्डाला संगणकाच्या आज्ञांत उतरवावा लागे. मोघम ठरावाचा नेमका अर्थ काय, तो शक्य आहे काय, त्याने यंत्रणा बिघडेल काय, हे सारे तोच ठरवी. जेथे कायदा लिहिणारा आणि यंत्र चालविणारा एकच असतो, तेथे ‘केवळ तांत्रिक’ असे काही उरत नाही. १९९६ मध्ये विझर्डांनी दुसरे निवेदन काढून हे उघडपणे मान्य केले आणि सामाजिक निर्णयांतही पुन्हा हस्तक्षेप करण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. या माघारीकडे लोकशाहीचा पराभव म्हणून पाहण्याची प्रथा आहे. तीत प्रामाणिकपणाही होता, याची नोंद क्वचितच घेतली जाते. चार वर्षे जो अधिकार नाही असे सांगितले जात होते, तो आहे असे त्यांनी कबूल केले.

कौल कोण वाचतो?

जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाने वेगळी वाट धरली. एखादा लेख ठेवावा की वगळावा, यावरील इंग्रजी विकिपीडियावरील पानाचे नाव आरंभी वगळण्यासाठी ‘मते’ असेच होते. २००५ मध्ये त्यातून मताचा उल्लेख काढण्यात आला. चर्चेला मतगणना हा पर्याय नव्हे, अशी मार्गदर्शक भूमिका घेण्यात आली. आपण मत देत नसून मत नोंदवीत आहोत हे सुचविण्यासाठी जुने सदस्य ‘व्होट’ या शब्दामागे उद्गारचिन्ह लावतात. संगणकाच्या भाषेत ते नकाराचे चिन्ह आहे. विनोद म्हणून हे ठीक. पण मत देऊन ते मत नाही असे म्हणण्याची पाळी एखाद्या समूहावर का यावी, याचा विचार करण्याजोगा आहे.

त्याचे कारण पुन्हा यादीचेच. एकच व्यक्ती चार नावांनी येऊ शकते, बाहेरून मित्रमंडळी बोलावता येतात. अशा ठिकाणी डोकी मोजण्यापेक्षा युक्तिवाद तोलावेत हे शहाणपणाचे आहे यात शंका नाही. परंतु युक्तिवाद स्वतःहून तोलले जात नाहीत. सुमारे आठवडाभर चर्चा चालते, नंतर तिच्यात भाग न घेतलेला एखादा अनुभवी सदस्य येतो, ती वाचतो आणि ‘सहमती अमुक आहे’ असे नोंदवून चर्चा बंद करतो. आठ विरुद्ध पाच असतानाही पाचांच्या बाजूने निर्णय देण्याची मुभा त्याला आहे, आणि कारणे सबळ असतील तर ते योग्यही मानले जाते.

मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ ची. तेथे सामूहिक निर्णयाच्या पानाला ‘कौल’ आणि सर्वसाधारण चर्चेच्या पानाला ‘चावडी’ ही नावे दिली गेली. दोन्ही शब्द आपलेपणाने योजलेले आहेत आणि दोन्ही, कदाचित नकळत, मूळ इंग्रजी शब्दांपेक्षा अधिक खरे बोलतात. वृत्तपत्रांच्या भाषेत ‘जनतेचा कौल’ म्हणजे निवडणुकीचा निकाल. पण कोकणातील देवळांत कौल लावतात तेव्हा मोजणी होत नसते. देवाला पाकळ्या चिकटविल्या जातात, गाऱ्हाणे घातले जाते, उजवीकडची पाकळी पडली की डावीकडची हे पाहिले जाते. कौल देव देतो. तो वाचतो गुरव. पाकळी आधी हलली की आधी पडली, प्रश्न नीट घातला गेला होता की नाही, पुन्हा कौल लावावा की काय, हे सारे वाचणाऱ्याच्या हाती असते. गुरवाच्या सचोटीविषयी गावाला शंका नसते म्हणूनच ही पद्धत चालते. विकिपीडियावरील चर्चा बंद करणाऱ्याचे स्थान याहून फारसे निराळे नाही. फरक इतकाच की त्याच्या निर्णयावर फेरविचाराची मागणी करता येते, आणि तो फेरविचार दुसऱ्या एखाद्या अनुभवी सदस्याच्या वाचनानेच संपतो.

‘चावडी’विषयीही असेच म्हणता येईल. गप्पांची, सर्वांनी जमण्याची जागा हा अर्थ आज रूढ आहे. मात्र चावडी हे मुळात पाटील-कुलकर्ण्यांच्या कारभाराचे ठिकाण. सारा तेथे भरला जाई, जबान्या तेथे होत, आणि गावातील प्रत्येकाला तिच्या ओट्यावर सारख्याच अधिकाराने बसता येत नसे. इंग्रजीतील समानार्थी नावात गावच्या पाणवठ्याचे चित्र आहे. मराठी समाजाला पाणवठ्याचा इतिहासही ठाऊक आहे, आणि तो १९२७ च्या महाडपर्यंत जातो. सार्वजनिक म्हणविल्या गेलेल्या जागा सर्वांच्या असतातच असे नाही, हे ज्या भाषेने इतक्या कष्टाने शिकून घेतले, तिच्यातील अभ्यासकांनी ‘खुला समूह’ हा शब्दप्रयोग तपासल्यावाचून स्वीकारावा, हे चमत्कारिक वाटते.

यादी आणि गुप्तता

ज्या समूहांनी यादी केली त्यांचा अनुभव येथे ताडून पाहणे उपयुक्त ठरेल. डेबियन हा मुक्त संगणकप्रणाली तयार करणाऱ्या स्वयंसेवकांचा प्रकल्प. त्याने १९९८ मध्ये लिखित संविधान स्वीकारले. मताधिकार फक्त ‘डेव्हलपर’ म्हणून रीतसर प्रवेश मिळालेल्यांना. मत पर्यायांच्या पसंतीक्रमाने द्यावयाचे आणि पर्यायांची जोडीजोडीने तुलना करून निर्णय काढावयाचा. गणपूर्तीचे सूत्र लक्षणीय आहे : सदस्यसंख्येच्या वर्गमुळाच्या दीडपट. सदस्य एक हजार असतील तर ४८ जणांनी ‘वरीलपैकी काहीही नाही’ या पर्यायापेक्षा एखादा पर्याय पसंत करावा लागतो. सदस्यसंख्या चौपट झाली तर ही अट केवळ दुप्पट होते. महाविद्यालयीन समित्यांत एक-तृतीयांश गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या सभा ज्यांनी अनुभवल्या आहेत, त्यांना या सूत्रातील व्यवहारज्ञान पटावे. यूजनेटचा स्थिर शंभर हा आकडा आणि हे वर्गमूळ यांतील अंतर म्हणजे यादी असण्या-नसण्यातील अंतर होय. एकूण किती आहेत हे ठाऊक नसेल तर वर्गमूळ कशाचे काढणार?

गुप्ततेचे तसेच. यूजनेटने मते नावानिशी छापली, विकिपीडियावर ती सहीनिशी नोंदविली जातात, आणि याचे समर्थन पारदर्शकतेच्या नावाने केले गेले. परंतु यादी नसेल तर खोटी मते शोधण्याचा दुसरा मार्गच नसतो; नावे उघड ठेवली तरच कोणी संशयास्पद आहे काय हे इतरांना पाहता येते. म्हणजे येथील उघडपणा हा तत्त्वापेक्षा यादीचा पर्याय अधिक होता. त्याची किंमत मात्र मतदात्याने मोजली. परिचितांच्या लहान समूहात, वरिष्ठाच्या डोळ्यांदेखत, त्याच्या मित्राविरुद्ध मत नोंदविणे किती अवघड असते याची कल्पना विभागीय बैठकांतील आवाजी मतदानावरून करता येईल. पुढील घटनाक्रम या दृष्टीने बोलका आहे. इंग्रजी विकिपीडियाने आपल्या लवाद समितीच्या निवडणुका २००९ पासून गुप्त पद्धतीने घेण्यास आरंभ केला, आणि त्यासाठी किमान १५० संपादनांसारख्या पात्रतेच्या अटी घातल्या. डेबियनने २०२२ मध्ये ठरावांवरील मतदात्यांची ओळख झाकण्याचा निर्णय घेतला. प्रशासक निवडण्याची इंग्रजी विकिपीडियावरील खुली चर्चा उमेदवारांना इतकी जाचक होऊ लागली की, तिच्या उत्तीर्णतेचे प्रमाण २०१५ मध्ये शिथिल करूनही भागले नाही, आणि २०२४ मध्ये तिच्या जोडीला ७० टक्क्यांच्या अटीची गुप्त निवडणूक आणावी लागली. तेवीस वर्षे मोजणीला नाक मुरडणारा समूह अखेर मोजणीकडे आला, तो यादी करता आली म्हणूनच.

मोठ्या समूहाला हे परवडते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या आठ कोटींहून अधिक आहे. मराठी विकिपीडियावर नियमितपणे लिहिणाऱ्यांचे वर्तुळ त्या मानाने अगदीच लहान. बनावट खाती तपासण्याचा तांत्रिक अधिकार स्थानिक सदस्यांना द्यावयाचा असेल, तर जेथे लवाद समिती नाही तेथे सत्तर-ऐंशी टक्के संमतीबरोबर किमान २५ ते ३० मते आवश्यक आहेत, असे विकिमीडियाचे सर्व भाषांसाठीचे धोरण सांगते. अटीमागील काळजी योग्य आहे. हा अधिकार सदस्यांच्या खासगी माहितीशी संबंधित आहे. पण तिचा परिणाम शंभर मतांच्या नियमासारखाच होतो. ज्या भाषेत पंचवीस जण कौल द्यायला येत नाहीत, तिच्या चावडीवरील संशयाची तपासणी त्या भाषेबाहेरून, बहुधा ती भाषा न वाचणाऱ्या पदाधिकाऱ्यांकडून होते. हे पदाधिकारी दरवर्षी सर्व प्रकल्पांच्या सदस्यांकडून निवडले जातात. त्यासाठी ८० टक्के होकार आणि किमान ३० मते लागतात. त्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार मराठी सदस्यालाही आहे, आणि त्याच्या नोंदणीची मुदत ठरावीक संपादनांच्या संख्येने मोजली जाते.